रुआबांध्याची हाजिरी

पहिल्याच बोलीला त्यानं हो म्हटलं, आणि मला ते बरं वाटलं नाही.

गोष्ट मोबाइलवरच्या गेमची आहे. हसू नका. आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेली मी पहिली. आजोबा भंडाऱ्याकडं दुसऱ्याच्या बांधीत धान कापायचे, बाबा भिलाईला येऊन प्लांटात लागले आणि रेल मिलमधून रिटायर झाले. मी दुर्गला एका सीएच्या ऑफिसात लोकांचे रिटर्न भरते आणि बोरसीला घरी आल्यावर गेममध्ये किल्ले बांधते. कोणी देवळात जातं, कोणी क्रिकेट बघतं. लपवण्यासारखं मला त्यात काही वाटत नाही.

या गेममध्ये कबिले असतात. आमच्या कबिल्यात माणसांना नावं नव्हती, गावं होती. सरदार बिलासपूरचा, म्हणून तो बिलासपूर. मी बोरसी. आणि ज्याची ही गोष्ट आहे तो रुआबांधा.

गेममध्ये दोन प्रकारची मिळकत. एक सोनं. ते लढून मिळतं, लुटून मिळतं. दुसरी लॉयल्टी. ती फक्त रोज येण्यानं मिळते. गेम उघडायचा, पेटी दाबायची, हाजिरी लागली. न चुकता जितके दिवस याल तितकी पेटी मोठी होत जाते, आणि एक दिवस चुकला की सगळं शून्य. लॉयल्टीचे पॉइंट दुसऱ्याला देता येत नाहीत, पण त्यांच्यावर जे घोडे मिळतात ते देता येतात. म्हणून कबिल्यात बाजार चालतो. ज्याच्याकडं लॉयल्टी आहे तो घोडा उभा करतो, ज्याच्याकडं सोनं आहे तो बोली लावतो. घोडेवाल्याच्या स्क्रीनवर एक कागद येतो, त्यावर दोन बटणं. हिरवं दाबलं तर सौदा पक्का, लाल दाबलं तर बोली वापस.

माझी हाजिरी महिनाअखेरीस रिटर्नच्या धावपळीत हमखास तुटायची. रुआबांध्याची कधीच नाही. ताप असो, लग्न असो, त्याची पेटी दाबलेलीच. घोडे त्याच्याकडं, सोनं माझ्याकडं, आणि मध्ये आमचं भांडण.

"एवढ्यात घोड्याची शेपटीच येईल, बोरसी. थोडं वाढव."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा मी गंमत म्हणून आधीच दुप्पट सोनं लावलं, तरी त्यानं लाल दाबलं आणि हेच लिहिलं. भाव केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो मराठी आहे हे मला असंच एकदा लढाईत कळलं. माइक चालू होता, सगळा कबिला हिंदीत ओरडत होता, आणि त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला, "अरे, कावून नाही जेवून राहिला? भात थंडा झाला ना!" मी इतकी हसले की माझा किल्ला पडला. त्यानंतर आम्ही दोघं आपसात घरची भाषा लिहू लागलो. त्याच्या घरामागं आटाचक्की होती, तिच्या आवाजानं डोकं उठतं अशी त्याची तक्रार असायची. भेटलो मात्र कधीच नव्हतो.

तर असा माणूस पहिल्याच बोलीला हिरवं दाबून मोकळा झाला. मी लिहिलं, "तब्येत बरी आहे ना?" उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. मग मी मुद्दाम सोन्याचं एकच नाणं लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा सगळ्यात चांगला घोडा, काळा, माझ्या दाराशी उभा.

मी घोड्याची खरी किंमत त्याला पाठवून दिली आणि लिहिलं, "कोण आहेस तू?"

काही नाही. पण त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका रोज सकाळी लागायचा आणि दोन मिनिटांत विझायचा. पूर्वी तो कधीही उगवायचा, टाइमपास करत बसायचा. आता जणू कोणी कुलूप उघडून आत येत होतं, काही न बोलता काम करत होतं आणि निघून जात होतं. आम्ही प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा शेजारचे गावी गेले की चाबी आमच्याकडं असायची. संध्याकाळी आई जाऊन त्यांचा बल्ब लावून यायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, घरात माणूस आहे.

थोड्याच दिवसांत कबिल्याला वास लागला. "रुआबांधा पागल हो गया है, जो डालो कबूल कर रहा है." मग काय, जो तो एकेक नाणं टाकू लागला. रोज सकाळी त्याच्या तबेल्यातून घोडे निघत होते. मी सरदाराला लिहिलं, हे थांबव.

"ऑनलाइन है, अपनी मर्जी से दे रहा है. तुझे क्या तकलीफ?"

"तकलीफ ये है कि वो रुआबांधा नहीं है."

"हरा डॉट दिख रहा है ना? तो है."

ठिपका दिसत होताच.

रविवारी स्कूटी काढली आणि रुआबांध्याला गेले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आटाचक्की विचारत गेले. चक्कीवाल्यानं पिठाच्या हातानं मागच्या गल्लीतलं दार दाखवलं. दार उघडलं ते एका बारीक, सावळ्या बाईनं.

"कोण पायजे?"

आवाज ओळखला मी. थंड भाताचा आवाज.

"काकू, मी बोरसीहून आली. तुमच्या मुलासोबत मोबाइलवर..."

"घोडेवाली?" त्या एकदम म्हणाल्या. "ये ना माय, आत ये. सांगे तो, बोरसीची एक पोरगी आहे म्हणे, लय कंजूस."

"कंजूस तो आहे, काकू."

"बापावर गेला. त्याचा बाप भाजीवालीले रडवे."

आम्ही दोघी हसलो. पण हसताना त्यांनी माझ्या मागं गल्लीत एकदा पाहिलं, माझ्यासोबत अजून कोणी आहे का म्हणून. कोणी नाही हे पाहून त्यांनी दार लावून घेतलं.

घरात एक पलंग, कुलर, भिंतीवर हार घातलेला त्याच्या बाबांचा फोटो. देवाच्या फळीवर, कुंकवाच्या डबीशेजारी, मोबाइल ठेवलेला.

"तो कुठं आहे?"

"कामावर," त्या म्हणाल्या. आणि पाण्याचा गिलास माझ्या हाती देऊन खाली बसल्या.

मग एकेक करून सांगितलं. होळी झाली आणि तो एका ठेकेदारासोबत दुसऱ्या राज्यात गेला, एका कारखान्याच्या शटडाऊनच्या कामावर. कारखाना बंद ठेवून दुरुस्ती करतात तेव्हा बाहेरची माणसं नेतात, तसं. आत कॅमेऱ्याचा फोन चालत नाही, म्हणून आपलं सिम बटणाच्या फोनात टाकून नेलं आणि हा फोन नवं सिम घालून आईजवळ ठेवला. जाताना पेटी कुठं दाबायची ते शिकवलं. "आई, काही झालं तरी हे रोज दाबजो, म्हणे. मी वापस येईपर्यंत तुटू देऊ नको." आधी रोज संध्याकाळी फोन यायचा. मग दोन दिवसांआड. मग त्याचा फोन बंद.

"कोणाला सांगितलं नाही, काकू?"

"काय सांगू माय? मी रोज हाजिरी लावून राहिली ना." त्यांनी देवाकडं पाहिलं. "आंघोळ करतो, दिवा लावतो, मग हे दाबतो. तुटू नाही दिलं मी. मी दाबून राहिली तोपर्यंत तो आहे."

"आणि ते कागद येतात, दोन बटणांचे?"

"त्याचं काही सांगितलं नव्हतं त्यानं. पण लाल दाबाले मले भीती वाटते. लाल म्हणजे धोका, एवढं त्याच्या बापानं शिकवलं होतं. म्हणून हिरवं दाबून देतो."

मी ठेकेदाराच्या मुन्शीचा, कामगारांची हाजिरी लिहिणाऱ्याचा, नंबर मागितला आणि त्यांच्याच फोनवरून लावला. स्पीकर चालू केला. मुन्शीनं लगेच उचलला.

"अरे अम्मा, कितनी बार बोलूं? बेटा ड्यूटी पर है. रोज हाजिरी लग रही है उसकी."

"एक बार बात करा दो ना, बाबू."

"ड्यूटी पर है ना, अम्मा."

फोन कटला. मागची चक्की घरघरत होती. काकू माझ्याकडं अशा पाहत होत्या की पाहा, आहे ना ड्यूटीवर. इकडची हाजिरी आई लावत होती. तिकडची कोण लावत होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज मी लिहिला. समोरच्या माणसानं वाचला आणि विचारलं, "मुन्शी बोलता है ड्यूटी पर है?" हो. "गेम में भी रोज आ रहा है?" मी सांगितलं, ती आई आहे. तो काकूंकडं बघून हसला. "अम्मा गेम खेलती है?" मग अर्ज परत सरकवला. "लड़का नाराज होगा. इधर भी हाजिर, उधर भी हाजिर, तो गुमा कहां?"

मी म्हटलं, घ्या किंवा नका घेऊ, पोच द्या. शिक्का मारून द्या. मी उठत नाही. माझ्या आजोबांना अशा टेबलासमोर बसायला कोणी सांगितलं नव्हतं, मी तर खुर्चीवर बसले होते. शिक्का मिळाला. बाकी काही मिळालं नाही.

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कुलर बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं.

"दोन्हीकडून हाजिरी लागून राहिली," ते म्हणाले, "तर पोराले शोधाले निघन कोण? एक तरी बंद करा. तिकडची आपल्या हातात नाही."

हे काकूंना सांगणं मला जड गेलं. त्यांनी मान हलवली ती हलवतच राहिल्या. "नाही. त्यानं तेवढं एकच मागितलं होतं माझ्याजवळ. आणि तुटली, अन् त्याले काही झालं तर?" मी फोन फळीवरून घेतला आणि त्याचा तबेला उघडून त्यांच्या समोर धरला. एवढ्या वर्षांचे घोडे. आता एकच म्हातारं तट्टू एका कोपऱ्यात.

"बाकीचे कुठी गेले?"

"तुम्ही हिरवं दाबत गेल्या, ते लोक नेत गेले."

"हे सगळं मी देऊन टाकलं?"

मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं नाही मला.

त्यांनी पदरानं स्क्रीन पुसली, जसं काही धुळीमुळं घोडे दिसत नसतील. मग म्हणाल्या, "उद्या नाही दाबत. पण तू ये. एकटीनं नाही होणार माझ्यानं."

मी ऑफिसात सुटी टाकली. गेमचा दिवस संध्याकाळी बदलतो, तोपर्यंत वाट पाहायची होती. काकूंनी आंघोळ केली, दिवा लावला, आणि सवयीनं हात फळीकडं गेला तो मागं घेतला. फोन आम्ही जमिनीवर मधोमध ठेवला. त्या लसूण सोलत बसल्या, सोलून झाला तरी टरफलं चिवडत राहिल्या. फोन मधूनच वाजायचा, "तुमची पेटी तुमची वाट पाहत आहे." दर वेळी त्या दचकायच्या. दुपारी प्लांटचा भोंगा झाला. त्या म्हणाल्या, "एकदा दाबून घेऊ का? कोणाले समजन?" मग त्यांनीच हात पाठीमागं बांधून घेतले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखे.

संध्याकाळी आकडा शून्य झाला. आवाज नाही, काही नाही. फक्त शून्य. ठिपका तर सकाळपासून लागलाच नव्हता. काकू उठल्या आणि पुन्हा दिवा लावला. माझ्या फोनवर सरदाराचा निरोप होता, "रुआबांधा की हाजिरी तूने तुड़वाई? इतने साल की लॉयल्टी मिट्टी कर दी." मी तो वाचून दाखवला नाही.

पुढच्या दोन सकाळी काही झालं नाही. बाबा रोज विचारायचे, मी मान हलवायचे. काकूंचा फोन यायचा, "काही समजलं का माय?" एवढंच विचारायच्या. मला वाटायला लागलं होतं की मी एका बाईच्या हातातला शेवटचा धागा काढून घेतला आणि बदल्यात काहीच दिलं नाही.

मग एका दुपारी ऑफिसात, एका किराणा दुकानाच्या बिलांमध्ये बसले असताना निरोप आला. रुआबांध्याकडून.

"आई कशी आहे? हाजिरी कावून तुटली?"

ठिपका हिरवा. मी काकूंना फोन लावला. "फोन तुमच्याचजवळ आहे ना?"

"कानाले लावून आहो ना माय. मी नाही हात लावला त्या गेमले. शपथ."

मग हे कोण? कबिल्यातला एखादा, ज्यानं पासवर्ड फोडला? की मुन्शीचा माणूस, आईला गप्प करायला? आमची भाषा लिहिणारा माणूस त्यांनाही मिळू शकतो. मी उत्तर दिलं नाही. त्या म्हाताऱ्या तट्टूवर एक बोली लावली. बरी बोली, खरं तर तट्टूच्या लायकीपेक्षा जास्त. चोर असता तर लगेच हिरवं दाबलं असतं.

पंख्याखाली बिलं फडफडत होती. मी त्यांच्यावर हात ठेवून बसले.

लाल आलं. आणि मग, खूप वेळानं, एकेक शब्द:

"एवढ्यात शेपटीच येईल बोरसी. थोडं वाढव."

मी खुर्चीवरून उभी राहिले. सगळं ऑफिस बघायला लागलं. बघू दे.

तो एका दवाखान्यात होता, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या फोनवरून लिहीत होता, डाव्या हातानं. उजवा दोरखंडात सापडला होता आणि मनगटापासून गेला होता. बटणाचा फोन तिथंच चिरडला, आणि नव्या सिमचा नंबर त्याला पाठ नव्हता. पाठ होता तो गेमचा जुना पासवर्ड. तापातून उठल्यावर मुन्शीच्या माणसानं सांगितलं, घरी कळवलं आहे, पण किरकोळ लागलं एवढंच. त्यानं फोन मागून गेम उघडला, तर आजची हाजिरी लागलेली. म्हणजे आई बरी आहे. एवढंच त्याला पाहायचं होतं.

"मग मला उत्तर कावून नाही दिलं?"

"तू आईकडं गेली असती. हाताचं तिले मालूम नव्हतं होऊ द्यायचं."

हाजिरी तुटली आणि त्याला वाटलं, आई गेली.

पुढचे निरोप तो तुकड्या-तुकड्यांत पाठवत होता. "ठेकेदाराचा माणूस दिवसभर इथंच बसते. आता चाय प्याले गेला. काही मागणी नाही अशा कागदावर अंगठा मागून राहिला. उजवा तर नाही. म्हणते डावा लाव."

"लावला?"

"अजून नाही. म्हणते, नाही लावला तर दवा बंद."

"लावू नको. गाव सांग. दवाखाना सांग. आणि हे निरोप मिटव."

त्यानं सांगितलं आणि ठिपका विझला. बाबा आणि काकू त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघाले. बाबांच्या खिशात शिक्का मारलेला अर्ज होता. काकूंच्या थैलीत भाकरी आणि तो फोन.

त्यांनी त्याला आणलं. कसं आणलं, तिथं काय बोलणं झालं, त्याचा खटला चालू आहे म्हणून मी लिहीत नाही. अंगठा लागला नव्हता, एवढं सांगते. एका दिवसाचा फरक होता असं बाबा म्हणाले.

आता तो रुआबांध्याला असतो. मी बोली लावते, तो लाल दाबतो आणि भाव करतो. उत्तर यायला वेळ लागतो, कारण डाव्या हाताला अजून सवय नाही. पेटी तो स्वतः दाबतो. काकू शेजारी बसून बघतात, फोनला हात लावत नाहीत. तो कबिला आम्ही दोघांनी सोडला.

परवा आम्ही त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. काकूंनी केलेली वांग्याची भाजी तो डाव्या हातानं खात होता, आणि बोरसीच्या पोरीच्या कंजुसीवर बाबांना गोष्टी रचून सांगत होता. जेवता जेवता बाबांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी आपला फोन काढला, मुन्शीचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मुन्शीला हा नंबर नवा, आवाज अनोळखी. पोराचं नाव घेऊन बाबांनी विचारलं, भाई, ये लड़का आजकल कहां है?

मुन्शीनं काही शोधलं नाही, कोणाला विचारलंही नाही.

"ड्यूटी पर है," तो म्हणाला. "रोज हाजिरी लग रही है उसकी."

काकूंचा हात वाढता वाढता थांबला. पोरगा समोरच बसला होता, तरी त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावून पाहिला.